प्राणिसृष्टीची चित्रकर्ती : रोझा बॉनर
(गुणगौरव समारंभात दिलेले भाषण)



परीक्षेत उज्ज्वल यश मिळविलेल्या मुलामुलींचा आपण आज सत्कार केला, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु काही गुण असे असतात की, त्यांची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत होत नाही. त्यांची ओळख प्रथम घरातच पटावी लागते. या संदर्भात मी एका फ्रेंच चित्रकर्तीचे चरित्र आपणांपुढे थोडक्यात ठेवू इच्छितो. तिचे नाव रोझा बॉनर. पशूंची चित्रे हेच तिचे जीवितकार्य होते.

रोझाचा जन्म १६ मार्च १८२२ रोजी बोर्दो येथे झाला. वडील रेमों हे चित्रकार. घरची स्थिती ओढगस्तीची. मुलगी खेळकर, चित्रे काढण्यात दंग. पण अक्षरओळख काही होईना. तेव्हा तिची आई सोफी हिने एक युक्ती योजिली. प्रत्येक अक्षरासाठी एक प्राणी निवडावा आणि त्याचे चित्र काढावे, असे तिने मुलीस सांगितले. अशा रीतीने मुळाक्षरे आणि प्राणी या दोहोंची गोडी तिला एकदमच लागली. मुलीच्या वेडाला विद्येचे द्वार बनविणारी ही माउली १८३३ साली दारिद्र्यात निवर्तली. त्या वेळी रोझा अवघी अकरा वर्षांची होती.

पुढे शाळेत तिचे पटेना. शिवणकाम शिकावयास पाठविले, तेथेही मन रमेना. अखेर वडिलांनी हट्ट सोडला आणि तिला आपल्या हाताखाली घेतले. लूव्र संग्रहालयातील थोर चित्रांच्या नकला करून तिने हात बसविला. पॅरिसमधील बिऱ्हाडाच्या गच्चीवर मेंढी पाळली. धाकटा भाऊ तिला चरावयास खाली नेई. परंतु केवळ बाह्यरूप पाहून तिचे समाधान होईना. कातडीखालील स्नायू व हाडे समजावीत म्हणून ती कत्तलखान्यांत जाऊन अभ्यास करी. तेथील किळस आणि पुरुषांची टवाळी तिने मुकाट्याने सोसली. १८४१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पॅरिसच्या ‘सालों’ या मोठ्या प्रदर्शनात तिची चित्रे प्रथम झळकली.

‘निव्हर्ने प्रांतातील नांगरट’ हे १८४९ सालचे चित्र तिने सरकारच्या मागणीवरून काढले. बैलांच्या दोन जोडण्या ओलसर माती उलटीत चालल्या आहेत. माणसे जवळजवळ झाकली गेली आहेत. चित्राचे नायक बैलच आहेत. ज्यांच्या घरी बैलांच्या खांद्यावर संसार चालला, त्यांना या चित्राचे मर्म सांगावयास नको. त्याच वर्षी वडील वारले आणि मुलींच्या चित्रशाळेचे त्यांचे संचालकपद रोझाकडे आले.

त्यानंतरचे ‘घोडेबाजार’ हे तिचे सर्वांत गाजलेले चित्र. त्यासाठी दीड वर्ष ती आठवड्यातून दोनदा पॅरिसच्या घोडेबाजारात जाऊन रेखाटने करीत असे. तेथे लोकांची नजर चुकवावी म्हणून ती पुरुषी पोशाख करी. त्यासाठी स्त्रियांना पोलिसांचा परवाना घ्यावा लागे, तोही सहा-सहा महिन्यांचा! सुमारे आठ फूट उंच व साडेसोळा फूट रुंद असे हे चित्र १८५३ साली प्रदर्शित झाले. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

स्वतःच्या कमाईतून तिने फोंतेनब्लोच्या अरण्यालगत बी येथे वाडा विकत घेतला आणि तेथे मेंढ्या, हरिणे, इतकेच काय, सिंहदेखील पाळले. १८६५ साली सम्राज्ञी युजेनी स्वतः तेथे आली व तिने रोझाला ‘लेजियन ऑफ ऑनर’ हा सन्मान अर्पण केला. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री-कलावंत. २५ मे १८९९ रोजी तिचे देहावसान झाले.

बंधुभगिनींनो, या चरित्रात दैवी चमत्कार कोठेच नाही. आईची सूक्ष्म दृष्टी, वडिलांची उशिरा का होईना लाभलेली संमती आणि स्वतःचे अविश्रांत कष्ट, एवढीच सामग्री आहे. पहिल्या दोन गोष्टी तर आपल्या हातातल्या आहेत. वहीच्या कडेला चिमण्या-वासरे काढणाऱ्या मुलीला रागे भरण्यापूर्वी क्षणभर ते चित्र पाहावे. प्रत्येक मुलगी रोझा होईल असे नव्हे. परंतु जी होऊ शकते तिची वाट आपल्या घरातच अडू नये, एवढी दक्षता आपण घेऊ या.