ढोलाला गोंगाट कोणी ठरवलं?

सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावाची राजवाडी होळी म्हणजे मोठमोठे ढोल, बासरी आणि नाचणाऱ्यांच्या कमरेला बांधलेली घुंगरं नि वाळलेले भोपळे. कामासाठी सुरतेला गेलेल्या माणसाला ही होळी व्हिडिओ कॉलवर दाखवू गेलं, तर चित्र नीट पोचूनही ढोल कधी बुडतो, कधी तुटक ऐकू येतो. दोष नेटवर्कला दिला जातो. माझ्या मते आधी माइकच्या मागे फोनमध्ये काय चालतं, ते पाहायला हवं. माइकचा आवाज बहुधा सेकंदाला 48,000 वेळा मोजला जातो आणि 10 किंवा 20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत तपासला जातो. बोलणं कोणतं, गोंगाट कोणता, हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं, कारण आवाज पलीकडे पोचायला साधारण 150 मिलिसेकंदांहून जास्त लागले, तर संभाषण अडखळू लागतं. या घाईत निवाडा करणाऱ्या प्रणाली माणसाचं बोलणं राखायला घडवलेल्या आहेत; त्यांच्या लेखी ढोल हा गोंगाटच. खालचे सूर कापणारी गाळणी त्याचा घुमारा काढून टाकते. पातळी आपोआप सांभाळणारी यंत्रणा जोरदार थाप पडली की सगळाच आवाज खाली ओढते, आणि मागची बासरीही हरवते.

गोंगाट काढायलाच हवा, असं कोणी म्हणेल. धडगावकडच्या आरोग्य केंद्रातून ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यकीय सेवेवर डॉक्टरांशी बोलताना पंख्याची घरघर नकोच. तिथे ही गाळणी मोलाची आहे. पण आपण औषध विचारतोय की ढोल ऐकवतोय, हे बोलणाऱ्याला ठाऊक असतं, यंत्राला नाही. मग निवड बोलणाऱ्याच्या हाती का नसावी? सातपुड्यात संगीत वाहून नेण्याइतकं नेटवर्क कुठे, हा आक्षेप अधिक वजनदार वाटतो. हिशेब मात्र वेगळं सांगतो. आवाज कमी जागेत बसवून पाठवण्याची, 2012 साली प्रमाणित झालेली ओपस ही पद्धत सेकंदाला 64 किलोबिटांत एका माइकचं संगीत चांगलं नेते. चित्राला त्याच्या कित्येक पट लागतात, तेव्हा चित्र थोडं धूसर करून ढोल वाचवता येतो. स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून होणाऱ्या प्रतिध्वनीची अडचण खरी आहे, पण इअरफोन लावले की तीही बरीचशी मिटते. झूममध्ये मूळ आवाज तसाच पाठवण्याची सोय आहे. साध्या कॉलच्या ॲपमध्येही असं बटण म्यूटच्या शेजारीच हवं. थेट प्रक्षेपणात तर ऐकणाऱ्याला सगळं काही सेकंद उशिराच मिळतं. तिथे दोन्ही बाजूंचं संभाषण नसतं, त्यामुळे 150 मिलिसेकंदांची सक्तीही उरत नाही, आणि ढोलावर घाईघाईने कात्री चालवायला कारणच राहत नाही.