रेखागणित : सिद्ध आणि गृहीत

(इंदूर येथील शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मराठीच्या प्राध्यापकाने भूमितीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु शाळेत आपण घोकलेले ‘पक्ष’, ‘साध्य’, ‘प्रमेय’ हे शब्द मूळचे न्यायशास्त्रातले. तेव्हा हा प्रांत भाषेच्या अभ्यासकाला अगदीच परका नाही.

मोजमापाचे ज्ञान फार जुने आहे. आयताच्या कर्णावरील चौरस हा दोन बाजूंवरील चौरसांच्या बेरजेइतका असतो, हे यज्ञवेदी रचणाऱ्या शुल्बसूत्रकारांना ठाऊक होते. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात युक्लिडने केले ते निराळे. प्रत्येक विधान आधीच्या विधानांच्या आधारे सिद्ध व्हावे, अशी साखळी त्याने रचली. पण साखळी मागे नेत गेल्यास कोठेतरी थांबावेच लागते. शब्दकोशात एका शब्दाचा अर्थ पाहावा, त्या अर्थातल्या शब्दाचा शोध घ्यावा आणि फिरून पहिल्याच शब्दाशी यावे, तसाच हा पेच. आपण कोठे थांबलो हे युक्लिडने उघड सांगितले: काही सर्वसामान्य तत्त्वे आणि पाच गृहीतके.

पहिली चार गृहीतके सुटसुटीत आहेत. सर्व काटकोन समान असतात, अशा धर्तीची. पाचवे मात्र लांबलचक. दोन रेषांना तिसरी रेषा छेदत असेल आणि एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांहून कमी असेल, तर त्या दोन रेषा वाढवल्यास त्याच बाजूस एकमेकींना मिळतात. पण किती दूर जाऊन? ते कोण पाहून येणार? युक्लिडलाही संकोच वाटला असावा. पहिल्या खंडातील २८ प्रमेये त्याने या गृहीतकाला हात न लावता सिद्ध केली आणि २९ व्या प्रमेयात त्याचा आधार घेतला.

हे गृहीतक सिद्ध करण्याची खटपट दोन हजार वर्षे चालली. रुबायांमुळे आपल्या परिचयाचा उमर खय्याम त्या खटपटीत होता, तेराव्या शतकातला नसीरुद्दीन तूसीही होता. तूसीच्या अरबी पाठावरून अठराव्या शतकात जगन्नाथ सम्राटाने सवाई जयसिंगाच्या आश्रयाने पंधरा अध्यायांचे संस्कृत ‘रेखागणित’ सिद्ध केले. त्याच जयसिंगाने उभारलेली उज्जैनची वेधशाळा आपण इंदूरकरांनी पाहिलेली आहे. १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. गंमत अशी, की ‘रेखागणिता’च्या आरंभी युक्लिडचे नावही नाही, हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितले, असे म्हटले आहे! परके ज्ञान आपल्या परंपरेत बसवून घेण्याची ती रीत असेल. तरी ग्रंथालयाच्या व्यासपीठावर उभे राहून सांगताना कर्त्याचे नाव असे गळावे, हे मनाला खटकते.

इटलीच्या साक्केरीने १७३३ मध्ये उलटी वाट धरली. पाचवे गृहीतक खोटे मानून विसंगती दाखवावी, असा त्याचा बेत होता. निष्कर्ष चमत्कारिक निघत गेले, पण खरी विसंगती हाती लागेना. अखेर, हे रेषेच्या स्वभावालाच धरून नाही, असे म्हणून तो नव्या भूमितीच्या उंबरठ्यावरून परतला. कझानच्या लोबाचेव्हस्कीने १८२९ पासून आणि हंगेरीच्या यानोश बोल्याईने १८३२ मध्ये तो ओलांडला. दिलेल्या रेषेला बाहेरच्या एकाच बिंदूतून अनेक समांतर रेषा जातात, असे मानून त्यांनी अवघी भूमिती उभी केली. यानोशच्या वडिलांनी याच प्रश्नावर वर्षे घालवली होती; या नादी लागू नकोस, असे त्यांनी मुलाला परोपरीने विनवले होते. मुलाचा शोध प्रसिद्ध झाला, तो त्यांच्याच ग्रंथाचे परिशिष्ट म्हणून!

पुढे १८६८ मध्ये बेल्त्रामीने दाखवले, की युक्लिडची भूमिती सुसंगत असेल तर ही नवी भूमितीही तितकीच सुसंगत आहे. म्हणजे पाचवे गृहीतक उरलेल्यांतून सिद्ध होणेच शक्य नव्हते. ते वेगळे मांडणाऱ्या युक्लिडची दृष्टी किती पारखी होती, हे तेव्हा उमगले.

मात्र त्याचीही नजर एके ठिकाणी चुकली होती. अगदी पहिल्याच प्रमेयात समभुज त्रिकोण काढताना दोन वर्तुळे एकमेकांना छेदतात, असे तो धरून चालतो. आकृतीत ते दिसते. गृहीतकांत कोठेही नाही. असल्या फटी बुजवून हिल्बर्टने १८९९ मध्ये भूमितीचा पाया नव्याने बांधला, तेव्हा बिंदू, रेषा आणि प्रतल यांची व्याख्याच केली नाही. त्यांनी परस्परांशी कोणत्या नात्याने वागावे, एवढेच सांगितले.