परसबाग आणि तिचे मुके वाटेकरी

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपण गेल्या वर्षांचा हिशेब मांडीत आहोत. किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, देवळाचा मनोरा केव्हा उभा राहिला, शाळेचा पाया कोणी घातला, हे सारे स्मरणिकेत यथायोग्य येईलच. परंतु ज्या भूमीवर हे देऊळ उभे आहे आणि जिच्या उत्पन्नातून आपल्या वाडवडिलांनी त्यास हातभार लाविला, त्या भूमीचाही हिशेब आज मांडणे प्राप्त आहे. म्हणून मी परसबागेविषयी चार शब्द बोलणार आहे. विषय दिसावयास लहान आहे. परंतु तो ताटातील भाजीपासून थेट अंतःकरणातील धर्मापर्यंत पोचतो.

वसईचा हा किनारा वाडीवर जगला. केळी, पानवेल, नारळ, मोगरा, जाई, वांगी, पडवळ, वाल, अळू ही आपली संपत्ती. विहिरीवरचा रहाट, पाटाने खेळणारे पाणी, राजेळी केळ्यांची उन्हात वाळविलेली सुकेळी, आणि पावसाचे पाणी साठवून विहिरींचे झरे जिवंत ठेवणारी बावखले, ही आपली विद्या. आज पुष्कळ वाड्यांच्या जागी इमारती उभ्या आहेत. कित्येक बावखले बुजली आहेत. आणि ज्या घरांतून भाजी मुंबईस जात असे, त्यांतील काही घरांत आता भाजी बाजारातून येते. गेलेल्या काळाबद्दल नुसते उसासे टाकून काही निष्पन्न होणार नाही. अजून बहुतेकांच्या घरामागे दोन हात परस आहे. ज्यांस परस नाही त्यांस गच्ची आहे. ज्यांस गच्चीही नाही त्यांस खिडकीतील चार कुंड्या आहेत. प्रश्न एवढाच की, या उरलेल्या भूमीशी आपण कसे वागावे?

पवित्र शास्त्राच्या पहिल्याच ग्रंथात देवाने मनुष्यास बागेत ठेविल्याची कथा आहे. तेथे त्यास दोन कामे सोपविली आहेत : बागेची मशागत करणे हे एक, व तिची राखण करणे हे दुसरे. पहिले काम आपण उत्साहाने केले. दुसऱ्याचा अर्थ मात्र आपण कुंपण घालणे व किडा दिसला की औषध मारणे एवढाच घेतला. माझे सांगणे असे की, बागेची खरी राखण मनुष्य एकटा करूच शकत नाही. ती राखण अनेक मुके प्राणी करितात आणि त्यांची मजुरी म्हणजे आपल्या बागेतील लहानसा वाटा होय. तो वाटा त्यांस दिला तर बाग पिकते; नाकारिला तर राखणदार जातात व चोर तेवढे राहतात.

प्रथम मशागतीविषयी. सर आल्बर्ट हॉवर्ड नावाचे एक इंग्रज कृषिशास्त्रज्ञ १९०५ साली सरकारी नोकरीनिमित्त हिंदुस्थानात आले. पुढे १९२४ पासून १९३१ पर्यंत त्यांनी इंदूर येथील संस्थेत काम केले. शिकविण्यासाठी आलेला हा विद्वान येथील शेतकऱ्यांस व पिकांवरील किडींस आपले गुरू मानू लागला. कारण कीड ही बहुधा दुबळ्या झाडावर पडते व दुबळे झाड दुबळ्या मातीची खबर देते, असा त्याचा अनुभव होता. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर देऊन, ते दोन-तीन वेळा वरखाली करून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची जी रीत त्याने बसविली, तीस जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात.

ही रीत आपल्या परसात सहज साधते. तीन फूट लांब, तीन फूट रुंद व तितकाच खोल असा खड्डा सावलीत घ्यावा. जेथे पावसाचे पाणी साचते तेथे खड्ड्याऐवजी जमिनीवरच ढीग रचावा. तळाशी काटक्या, त्यांवर वीतभर सुका पाला, त्यावर स्वयंपाकघरातील भाजीची देठे व साली यांचा पातळ थर, वर शेणकाल्याचा शिडकाव व मूठभर माती, असा क्रम धरावा. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओलसर असावा. दुर्गंधी येऊ लागली तर पाणी अधिक झाले असे समजून सुका पाला घालावा. तीन-चार आठवड्यांनी एकदा ढीग परतावा. जो पातेरा आपण संध्याकाळी अंगणात जाळून शेजाऱ्याच्या डोळ्यांत धूर घालतो, तोच पुढील भाजीचे अन्न असतो. तो जाळणे म्हणजे घरचे धान्य चुलीत घालणे होय.

खताच्या जोडीस पिकांची फेरपालट हवी. वाल, चवळी, घेवडा यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात व त्यांतील सूक्ष्म जीव हवेतील नत्र जमिनीत साठवितात. म्हणून जेथे वांगी काढली तेथे पुढे वाल लावावा. पावसाळ्यात पडवळ, शिराळी, काकडी, भेंडी. हिवाळ्यात मेथी, मुळा, पालक, वाल. न्हाणीच्या पाण्यावर साबण बेताने वापरून केळ व अळू. एवढ्याने लहान कुटुंबाच्या ताटात बहुतेक दिवस काहीतरी घरचे पडते.

आता राखणीविषयी. आपले राखणदार कोण? संध्याकाळी ओलाव्यातून बाहेर पडणारा बेडूक हा पहिला. तो रात्रभर किडे वेचतो. एके काळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी मेजवान्यांसाठी मोठ्या प्रमाणावर जात. शेतातील किडींचा हा शत्रू नाहीसा होतो आहे हे ध्यानी आल्यावर भारत सरकारने १९८७ साली ती निर्यात बंद केली. दुसरी राखणदार धामण. ती बिनविषारी असून उंदीर हे तिचे भक्ष्य. तिसरे गव्हाणी घुबड. अपशकुनी म्हणून आपण त्यास हाकलितो आणि मग उंदरांसाठी विष विकत आणतो. ते विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला, तर घुबडही मरते! दयाळ, शिंपी, कोतवाल, भारद्वाज हे पक्षी दिवसाचा पहारा करितात. इवलासा ढालकिडा व त्याची काळसर अळी पानांवरील मावा फस्त करितात. गांधीलमाशी आपल्या पिलांसाठी अळ्या उचलून नेते.

राखणदारांप्रमाणेच काही पाहुणे असे आहेत की, त्यांच्यावाचून फळच धरत नाही. काकडी, दुधी, पडवळ, कारले यांच्या वेलांवर नरफूल वेगळे व मादीफूल वेगळे असते. एकाचा पराग दुसऱ्यावर नेण्यास कोणी तरी हवे. दिवसा उमलणाऱ्या फुलांकडे सातेरी व फुलोरी मधमाश्या आणि काळे भुंगे येतात. दुधी व पडवळ यांची पांढरी फुले मात्र अंधार पडता उमलतात व त्यांच्याकडे रात्रीचे पतंग येतात. हे पतंग पूर्वायुष्यात अळ्याच असतात, व अळी म्हटली की ती पाने खाणारच. जो गृहस्थ आपल्या बागेत एकही अळी जिवंत ठेवीत नाही, त्याने पडवळ धरत नाही म्हणून बियाण्यास दोष देऊ नये. लिंबाची पाने कुरतडणाऱ्या अळीचीही तीच कथा. त्याच कुळातील झाडांवर वाढणारे ब्लू मॉर्मन हे फुलपाखरू महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून गौरविले आहे. त्याचा गौरव करावयाचा आणि त्याच्या पिलास एक डहाळीही द्यावयाची नाही, हे न्यायाचे नव्हे.

विषाने काय होते ते आता सांगतो. पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञाने १९३९ साली डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण शोधिला व १९४८ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. त्या भुकटीने हिवताप व प्रलापक ज्वर यांपासून असंख्य प्राण वाचविले, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. परंतु तीच भुकटी शेतोशेती पडू लागली, तेव्हा ती किड्यातून पक्ष्यात, माशातून गरुडात साठत गेली व शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन फुटू लागली. रेचल कार्सन या अमेरिकन विदुषीने १९६२ साली आपल्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात अशा विषांचे दुष्परिणाम जगापुढे मांडिले. आपल्या देशात शेतीतील तिचा वापर १९८९ साली बंद झाला. एक भुकटी गेली, तरी मूळ दोष सर्व जालीम विषांत राहतोच. मावा लवकर वाढतो, ढालकिडा सावकाश वाढतो. फवारणीत दोघेही मरतात. पण मावा प्रथम परत येतो आणि आता त्यास खाणारा कोणी नसतो. मग पुन्हा फवारणी! अशा रीतीने विष हे सावकाराच्या कर्जासारखे होऊन बसते. शिवाय २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, ही गोष्ट आपल्याच राज्यातील आहे.

तर मग कीड पडल्यावर हातावर हात ठेवून बसावे काय? मुळीच नाही. मावा पाण्याच्या धारेने धुवावा. अंडी घातलेली पाने खुडावी. कारल्यास व दुधीस फळ लहान असतानाच कागदाची पिशवी बांधावी, म्हणजे फळमाशी शिरकाव करीत नाही. अगदीच निकड पडली तर ५० ग्रॅम निंबोळीगर कुटून, रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून एक लिटर करावा व सूर्यास्तसमयी, मधमाश्या घरी गेल्यावर, रोगट झाडावरच शिंपडावा. तथापि निंबोळीदेखील औषध आहे; ते रोजचे जेवण होता कामा नये.

काही शंका रास्त आहेत. पाणी ठेविले तर डास होतील, असे भगिनी म्हणतात. पक्ष्यांच्या पसरट भांड्यातील पाणी रोज पालटावे, म्हणजे डासांच्या अळ्या वाढत नाहीत. बावखलात बेडूक, चतुरांची पिले व लहान देशी मासे नांदत असतील तर तेच डासांचा समाचार घेतात. साप येईल ही दुसरी भीती. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे भय बाळगणे हा शहाणपणा आहे. म्हणून पाल्याचा ढीग दाराशी नसावा, वाट स्वच्छ असावी, व रात्री हाती दिवा असावा. परंतु प्रत्येक साप मारणे म्हणजे उंदरांस आमंत्रण देणे होय. तिसरी शंका नुकसानीची. होय, थोडे नुकसान होईल. बुलबुल एखादा पेरू फोडील, अळी चार पाने खाईल. तेवढे मजुरीत धरावे.

आणि ही गोष्ट आपल्या धर्मास नवी नाही. शेताच्या कडांचे पीक कापू नये, ते दरिद्री व परके यांच्यासाठी सोडावे, असा नियम लेवीय ग्रंथात आहे. असिसीकर संत फ्रान्सिस याने मठाच्या बागेचा एक भाग लागवडीवाचून ठेवावयास सांगितला होता, अशासाठी की तेथे रानफुले व वनस्पती आपोआप उगवाव्या आणि त्यांस पाहणाऱ्याचे मन निर्मात्याकडे वळावे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात या गोष्टीचे स्मरण करून दिले आहे. संताने भाजी लावू नका असे म्हटले नाही. सगळीच जागा आपली समजू नका, एवढेच म्हटले. मशागत आणि राखण यांचा मेळ त्या मोकळ्या पट्ट्यात आहे.

म्हणून या महोत्सवाची आठवण म्हणून मी तीन गोष्टी सुचवितो. पहिली : या वर्षापासून आपल्या धर्मग्रामात कोणी पातेरा जाळू नये, देवळाच्या आवारातील पाल्याचे खत तेथेच व्हावे. दुसरी : प्रत्येक घराने परसाचा एक कोपरा, मग तो खाटेएवढा का असेना, न खणता व न फवारता सोडावा. तेथे टाकळा, रुई, आघाडा, माका जे उगवेल ते उगवू द्यावे. कडेस अडुळसा किंवा निरगुडी लावावी. ज्यांस कुंडीच आहे त्यांनी एका कुंडीत तुळस फुलावर येऊ द्यावी. मधमाशी तिला शोधीत येईल. तिसरी : पावसापूर्वीच्या एखाद्या रविवारी मिस्सानंतर गावठी बियाण्याची अदलाबदल व्हावी. वृद्ध मातांजवळ डब्यांतून, पुरचुंड्यांतून जे वाल, पडवळ, भेंडी यांचे जुने बी उरले आहे, ते त्यांच्याबरोबर नाहीसे होण्यापूर्वी तरुण हातांत पडावे.

पुढील महोत्सवास आपल्यापैकी कित्येक येथे नसतील. त्या वेळी या सभेत बसणारी मुले आपण बांधलेल्या भिंती पाहतील, तशीच आपण राखलेली माती व पाणीही पाहतील. त्या मातीत गांडूळ असावे, बावखलात बेडूक बोलावा, व त्यांच्या ताटात घरची भाजी असावी, एवढे आपल्या हाती आहे. ज्याने बाग सोपविली तोच मशागतीस बळ व राखणीस बुद्धी देवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.