गोदावरीच्या पोटातून

आदरणीय गुरुजन आणि १९८३च्या दहावीच्या सवंगड्यांनो,

सर म्हणाले, "नौदलातलं काहीतरी सांग." तर माझ्या जहाजाबद्दल सांगतो. आपली दहावी झाली त्याच वर्षी, १० डिसेंबरला, 'आयएनएस गोदावरी' नौदलात दाखल झाली. त्याआधीच्या 'निलगिरी' वर्गाच्या फ्रिगेटही मुंबईच्या माझगाव गोदीतच बांधल्या होत्या, पण मूळ आराखडा ब्रिटिशांचा. गोदावरीचा आराखडा आपल्याच लोकांनी केला. क्षेपणास्त्रं रशियन, सी किंग हेलिकॉप्टरं ब्रिटिश, यंत्रं वाफेची. तीन घरच्या सुना एका घरात नांदवायच्या, असंच काम ते!

मी लोणावळ्याला 'आयएनएस शिवाजी'त शिकून थेट तिच्या बॉयलर रूममध्ये उतरलो. तिथल्या उकाड्यापुढे मुरबाडचा वैशाख गार वाटायचा. बॉयलरला खारं पाणी चालत नाही, म्हणून समुद्राचं पाणी उकळून गोडं करायचं. त्यातलं आधी बॉयलरला, मग आम्हाला. आई पत्रात विचारायची, जहाजावर पाणी पुरतं का रे? भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि आपल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, त्यामुळे तिला हाच प्रश्न सुचणार. मी लिहायचो, आपल्यासारखंच आहे, हंडा जपून.

नोव्हेंबर १९८८मध्ये मालदीवचं बंड फसलं. भाडोत्री बंडखोर ओलिसांना घेऊन 'प्रोग्रेस लाइट' या मालवाहू जहाजातून पळाले. गोदावरी आणि 'बेतवा'नं त्यांना गाठलं आणि शरण आणलं. लोक विचारतात, तू काय पाहिलंस? काहीच नाही! आम्ही तळाशी. वेग वाढवायचा हुकूम आला की वाफ वाढवायची, एवढंच आमचं युद्ध. पण वाफ कमी पडली असती तर वरच्यांनाही काही दिसलं नसतं, हे मी आजही ठणकावून सांगतो.

१९९४च्या डिसेंबरात सोमालियातून आपल्या शांतिसैनिकांना परत आणायला ती गेली. पुढे एडनच्या आखातात चाच्यांविरुद्ध गस्तही घातली.

२३ डिसेंबर २०१५ला मुंबईत सूर्यास्ताला तिचा ध्वज उतरवला. ३२ वर्षं झाली होती. मी निवृत्त होऊन धक्क्यावर उभा होतो. धुराड्याकडेच बघत राहिलो.

आता १५ जानेवारी २०२५ला नवी 'निलगिरी' आलीय, तीही माझगावचीच. तिच्यात वाफ नाही, डिझेल आणि गॅस टर्बाइन आहे. मला त्यातलं फारसं कळत नाही. पण आपल्या शाळेतल्या कुणा मुला-मुलीला नौदलात जायचं असेल, तर अर्ज भरण्याआधी माझ्या घरी या. चहा आहे, आणि सध्या नळाला पाणीही आहे.