जगाचा पुढारी कोण, यापेक्षा मोठा प्रश्न



‘अमेरिकेनंतर जगाचं नेतृत्व कोणाकडे?’ असा विषय आपण मला दिलात. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्या कामात कुठलीही यंत्रणा तपासताना एक प्रश्न आधी विचारतात: असा कोणता एकच भाग आहे, जो बंद पडला तर सगळंच बंद पडेल?

हा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेला लावून पाहू. २० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी संघटनेतून बाहेर पडण्याच्या आदेशावर सही केली आणि जानेवारी २०२६ मध्ये अमेरिका बाहेर पडली. संघटनेला सर्वांत जास्त पैसा देणारा देश तोच होता. अंदाजपत्रकाला कात्री लागली, कर्मचारी कमी करावे लागले.

पण दुखणं त्याआधीचं आहे. सदस्य देशांच्या ठरावीक वर्गणीतून संघटनेच्या खर्चाचा वीस टक्केही भाग निघत नव्हता. बाकी सगळा पैसा ऐच्छिक देणग्यांचा, आणि त्यातला बराचसा देणाऱ्याने सांगितलेल्या कामापुरताच. आपल्या मोहल्ल्यातली एखादी संस्था एकाच शेठच्या देणगीवर चालते, तेव्हा काय होतं ते आपण जाणतो. शेठ असेपर्यंत त्याच्याच कलाने चालायचं आणि शेठ रुसला की दाराला कुलूप.

काही जण म्हणतील, चीन आहे ना! मे २०२५ मध्ये चीनने पाच वर्षांत ५० कोटी डॉलर देण्याची घोषणा केली. पैसा आला तर चांगलंच आहे. पण एका शेठच्या जागी दुसरा शेठ बसला, तर यंत्रणा तितकीच कच्ची राहते.

हे फक्त महासत्तांना लागू होतं असं समजू नका. २०२१ मध्ये गरीब देशांना कोविडची लस पुरवणाऱ्या ‘कोव्हॅक्स’ योजनेची मोठी मदार पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटवर होती. दुसरी लाट आली आणि भारताने निर्यात थांबवली. घरात प्रेतं उठत असताना तो निर्णय समजण्यासारखा होता. तरीही आफ्रिकेतल्या कित्येक देशांत पहिला डोस घेतलेली माणसं दुसऱ्या डोससाठी ताटकळली. कोव्हॅक्सला भारताकडून पुन्हा लस मिळू लागली ती नोव्हेंबरमध्ये. त्या वेळी बंद पडलेला तो एक भाग आपण होतो.

मग एका पुढाऱ्याशिवाय सहकार्य होतं का? झालेलं आहे. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात आरोग्य संघटनेची सभा भरली होती. देवीचा रोग जगातून हद्दपार करू, हा प्रस्ताव तिथे मांडला सोव्हिएत रशियाने. १९६७ पासून ती मोहीम जोमाने सुरू झाली तेव्हा तिचं नेतृत्व डी. ए. हेंडरसन या अमेरिकन डॉक्टरकडे होतं. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखलेले दोन देश एकाच कामाला लस, पैसा आणि माणसं देत होते. भारतातला देवीचा प्रकोप १९७५ मध्ये थांबला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. त्या काळात सर्वांनी मानलेला एक पुढारी जगाला नव्हता. सर्वांनी मान्य केलेलं एक काम होतं आणि ते कोणी कसं करायचं हे ठरलेलं होतं.

आजही तशी पावलं पडत आहेत. ठरावीक वर्गणीचा वाटा २०३०-३१ पर्यंत मूळ अंदाजपत्रकाच्या निम्म्यावर न्यायचा, असं सदस्य देशांनी २०२२ मध्ये ठरवलं. मे २०२५ मध्ये वर्गणी वीस टक्क्यांनी वाढवली. त्याच सभेत, अमेरिकेशिवाय, महामारी करार मंजूर झाला. रोगजंतूंचे नमुने देणाऱ्या देशांना त्यातून तयार होणाऱ्या लसींचा वाटा कसा मिळणार, हे कलम मात्र पुढच्या वाटाघाटींसाठी मागे ठेवलं गेलं. गरीब देशांच्या दृष्टीने खरी मेख तिथेच आहे.

भारत विश्वगुरू होणार का, यावर टीव्हीवर रोज चर्चा रंगतात. आपण नागरिकांनी आपल्या सरकारला साधे प्रश्न विचारावेत. वाढीव वर्गणी आपण वेळेवर भरतो का? पुढच्या साथीत लस वाटण्याचा नियम आपल्यालाही बांधील असेल, हे आपल्याला मान्य आहे का? दुसऱ्यांसाठी नियम आणि आपल्यासाठी सवलत मागणारे देश पुष्कळ आहेत. त्यांच्यात आणखी एकाची भर पडून जगाचं भलं होणार नाही.

पुढारी येतील आणि जातील. सर्वांची वर्गणी आणि सर्वांना लागू असलेला नियम, या दोन गोष्टी टिकल्या तर सहकार्य टिकेल.