अठ्ठावीसचा पेच

कोल्हापूर म्हटलं की शिरोली, गोकुळ शिरगावचा फौंड्री उद्योग आलाच. कोकवर चालणाऱ्या कपोला भट्टीच्या धुरात नायट्रोजन असतो, तसाच विषारी कार्बन मोनॉक्साईडही. हे वायू वेगवेगळे मोजता येतात मास स्पेक्ट्रोमीटरनं. तो रेणूंना विद्युतभार देऊन वस्तुमानानुसार निवडतो: हायड्रोजन २, ऑक्सिजन ३२, कार्बन डायऑक्साईड ४४.

पण नायट्रोजनही २८ आणि कार्बन मोनॉक्साईडही २८! नुसता २८ मोजला, तर दोघांची बेरीजच हाती येते. म्हणून यंत्राला १२ आणि १४ हेही आकडे मोजायला लावावेत. रेणू फुटून निघालेला कार्बन १२ वर दिसतो, नायट्रोजन मुख्यतः १४ वर. मात्र १२ मध्ये कार्बन डायऑक्साईडचाही वाटा असतो. तो ४४ वरून काढून वजा करायचा.

दुसरी गोष्ट वेळेची. एकेका आकड्यावर यंत्र जास्त थांबलं, तर क्षीण संकेतही स्वच्छ मिळतो. पण भट्टीतला झपाट्याचा बदल निसटतो. म्हणून आधी १ ते ५० सगळं चाळून घ्यावं, मग नेमके पाच-सहा आकडे पक्के करावेत. माहीत असलेल्या मिश्रणाच्या सिलिंडरवर यंत्र नियमित पारखावं.

भट्टीपाशी उभ्या माणसाच्या श्वासाचा प्रश्न आहे. आकडा खराच हवा.