पेटीवर कोण होते?

(जळोची येथील प्रौढ वाचकांच्या वर्गात केलेले भाषण)



परवा देवळाच्या भिंतीवर भजनाच्या कार्यक्रमाचा कागद लावला होता. आपल्या वर्गातल्या एका आजींनी तो बोट लावून मोठ्याने वाचला. बुवांचे नाव वाचले, वेळ वाचली, चहा कोणाकडून तेही वाचले. मग मला म्हणाल्या, "गुरुजी, पेटीवर कोण हाय ते कुठं लिवलंय?" मी चष्मा पुसून पाहिले. कुठेच लिहिले नव्हते. तेव्हा म्हटले, आज त्या न लिहिलेल्या नावाविषयीच बोलावे.

मी नोकरीत असताना शाळेच्या प्रार्थनेला पेटी वाजवीत असे. साधीच वाजवता येते मला. मुले पळत येऊन उभी राहायची आणि कोणीतरी एकजण भलत्याच उंच आवाजात सुरुवात करायचा. आता पेटीवाल्याने काय करायचे? गाणे थांबवता येत नाही. पोरांचा सूर कुठे लागला आहे तो चाचपून शोधायचा आणि गुपचूप त्यात मिसळायचे. पहिले वर्षभर मला हे जमले नाही. मी आपली पेटी जोरात वाजवून मुलांना माझ्या सुरात ओढून आणायचो. मुले आणखी ओरडायची. शेवटी शाळेचा शिपाई म्हणाला, "गुरुजी, तुम्ही वाजवताय का पोरांशी भांडताय?" त्या दिवशी मला साथ म्हणजे काय ते कळले.

ही पेटी आपल्याला आपली वाटते. देवळात, तमाशात, लग्नात, सगळीकडे ती असते. पण तिचा जन्म फ्रान्स देशातला. पॅरिस शहरात अलेक्झांडर दबँ नावाच्या कारागिराने १८४२ साली तिची नोंद केली. तिकडे मोठ्या चर्चमध्ये भिंतीएवढा ऑर्गन असतो. त्याला उंच उंच नळ्या असतात. तो वाजवणारा माणूस बरेचदा लोकांच्या नजरेआड बसतो. लोक देवाची गाणी म्हणतात, हा त्यांना सूर देतो. कोणी मागे पडले तर सांभाळून घेतो. लहान चर्चला एवढा ऑर्गन परवडत नव्हता. त्यांच्या कामी ही पेटी आली. आत भाता, लोहाराच्या भात्यासारखा. त्याची हवा पितळेच्या पातळ पट्ट्यांवरून गेली की सूर निघतो.

मिशनरी लोकांनी ती आपल्याकडे आणली. ती खुर्चीवर बसून, पायाने भाता मारून वाजवायची. आपण तर जमिनीवर बसणारे लोक. मग कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला बुटकी केली. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने सूर. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी चर्चसाठी मराठी पदे आणि भजने लिहिली. तिथे पेटीच्या जोडीला तबला आणि टाळही आले.

पायाने वाजवायचा ऑर्गन मात्र आपल्या संगीत नाटकात जाऊन बसला. बालगंधर्व गात, तेव्हा समोर ऑर्गन असे.

आता एका माणसाची गोष्ट सांगतो. गोविंदराव टेंबे. जन्म १८८१ साली, कोल्हापूरजवळच्या सांगवडे गावी. पेटी ते बहुतेक आपली आपणच शिकले. भास्करबुवा बखले हे त्या काळचे मोठे गवई. गोविंदराव त्यांच्या साथीला पेटीवर बसत. गवई पुढे कुठे वळणार हे कोणी आधी सांगत नसते. बैल वळायच्या आधी गाडीवानाला कळते ना, तसे कळावे लागते. ऐकून ऐकून कान इतका तयार झाला, की १९११ साली 'मानापमान' नाटकाच्या चाली गोविंदरावांनी दिल्या. त्या चाली लोक आजही म्हणतात. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, तिच्यात ते भागीदार होते. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला. त्याचे संगीत त्यांचे, आणि हरिश्चंद्राचे काम करणारेही तेच!

पण १९४० साली काय झाले पाहा. आकाशवाणीने पेटीला बंदी केली. रेडिओवर पेटी वाजवायची नाही! मोठमोठी माणसे पेटीच्या विरुद्ध होती. रवींद्रनाथ टागोरांनाही ती आवडत नसे. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, हे मी कबूल करतो. लांब रानात गेलेल्या पोराला आई हाक मारते, तेव्हा आवाज कसा घसरत घसरत वर चढतो? तो उतार आहे. पेटीला उतार नाही, तिला जिना आहे. एका पायरीवरून दुसरीवर उडीच मारावी लागते. हे सगळे खरे. तरी मला ती बंदी पटत नाही. जिन्यावरूनही उतारासारखे चालणारे लोक होते आणि त्यांचे वाजवणे ऐकून न्याय करायला हवा होता. पेटीवाल्यांचे रेडिओचे काम गेले, ते तीस वर्षे गेले. गोविंदराव १९५५ साली वारले, तेव्हाही त्यांच्या वाद्याला रेडिओचे दार बंदच होते. १९७१ च्या सुमारास बंदी सैल झाली, तीही साथीपुरती. एकटी पेटी वाजवायला पुढेही बरीच वर्षे मोकळीक नव्हती.

एवढे होऊनही पोरे पेटी शिकतच राहिली. गोव्यातल्या बोरी गावी १९३४ साली तुळशीदास बोरकर जन्मले. पहिले धडे आईने दिले. पुढे ते पी. मधुकर यांच्याकडे शिकले. पेटी आणि ऑर्गन दोन्ही वाजवत. जन्मभर दुसऱ्यांच्या गाण्याला साथ केली, आणि कितीतरी मुलांना शिकवले. २०१६ साली त्यांना सरकारने पद्मश्री दिली. २०१८ साली ते गेले.

हां, त्या भिंतीवरच्या कागदाचे राहिलेच. आजींनी विचारले म्हणून मी कार्यक्रम करणाऱ्यांकडे जाऊन आलो. म्हटले, पेटीवाल्याचे नाव घाला की. ते म्हणाले, "घालू गुरुजी, पण पेटीवाला अजून ठरवायचाय."